कासारणीच्या मुठीतला हात

धारला आमच्या गल्लीत एक कासारीण यायची. बांगडी चढवताना तिच्या तोंडाची टकळी थांबत नसे. मध्येच "हात ढिला सोडा, वैनी," म्हणायची, तोवर बांगडी मनगटात गेलेली असायची.

त्या वर्षी आमच्या परसातल्या वांग्याच्या वाफ्यांवर रोज कुणीतरी राख आणि उष्ट्या पत्रावळी टाकून जाई. एका सकाळी मी ढीग उपसत असताना ती आली. राखेतली फुटकी बांगडी उचलून तिने पदराने पुसली.

"लाल बुट्ट्यांची ही बांगडी मी एकाच हातात भरली होती. तुमच्या मागच्या वाड्यातल्या सरदारीणबाईंच्या."

आमचे हे त्याच सरदारांच्या कचेरीत कारकून. तक्रार कोण करणार?

"चला, मला तिकडेच जायचंय," ती म्हणाली.

तिथे तिने बाईसाहेबांच्या हातात बांगडी अंगठ्याच्या सांध्यापर्यंत चढवली आणि थांबली.

"तुमच्या घरचा कचरा वैनींच्या वांग्यांवर पडतो. उचलायला माणूस धाडा ना."

"धाडते, आधी बांगडी चढव!"

"आधी माणूस, बाईसाहेब."

बाईसाहेब संतापल्या, मग स्वतःच्या अडकलेल्या हाताकडे बघून खदखदून हसल्या. त्यांनी गड्याला हाक मारली आणि घमेलं देऊन आमच्या परसात पिटाळलं.

वाटेत मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"कसली, वैनी? बांगडी चढताना मोलकरणीचा हात दुखतो, तेवढाच सरदारणीचाही दुखतो."