अर्ध्या मुळाची दाढ

प्रयोगशाळेत तिला सगळे चकतीमावशी म्हणत. दात मऊ करायचा, मेणात बसवायचा, मग त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या कापायच्या आणि रंगवायच्या, हे तिचं काम. दाताच्या मुळावर लेप चढवणाऱ्या पेशी असतात. त्यातली जी प्रथिन बनवण्यात गुंतलेली असेल ती तपकिरी दिसते, रिकामटेकडी असेल ती कोरीच. बाईचा सगळा जन्म या तपकिरी ठिपक्यांत गेला म्हणा ना!

काम तरी कसलं, वाट बघण्याचं. सौम्य द्रावणात दात मऊ व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. कडक अ‍ॅसिडात टाकला की चुटकीसरशी मऊ होतो, पण आतल्या प्रथिनांची पार वाट लागते. नव्या पोरींना ती दटावायची, "घाई करायची असेल तर बस पकडायला जा. इथे नको."

या सबुरीचा त्रास झाला तो लेकीला. शाळा सुटल्यावर फाटकाशी एकटीच ताटकळणारी पोर हिचीच. "तुला माझ्यापेक्षा ते दात प्यारे," असं लेक एकदा फाडकन बोलली, ते मावशीच्या जिव्हारी लागलं होतं.

आता लेक शिकायला परदेशी निघाली होती. त्याआधी तिची एक अक्कलदाढ काढावी लागली. मूळ अर्धंच तयार झालेलं, म्हणजे पेशी ऐन कामात! लेकीने ती आपणहून बाटलीत घालून आईच्या हातात दिली. "एवढं काय बघतेस ते मलाही दाखव. जायच्या आत."

मावशीला आभाळ ठेंगणं झालं. पण जायला जेमतेम आठवडा उरलेला. आणि जगाला दटावणाऱ्या या बाईने काय करावं? दाढ सरळ अ‍ॅसिडात टाकली! लवकर बाहेर काढू, अशी मनाची समजूत घातली. चकती सुरेख निघाली, पण रंग काही केल्या उमटेना.

"दुसऱ्या कुणाची तरी छान तपकिरी चकती लाव," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "तिला काय कळतंय?"

मावशीने लावलीसुद्धा. लेक आली, सूक्ष्मदर्शकावर वाकली. "अय्या! हे माझं?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं, पण निघेना. "नाही गं. ही दुसऱ्याची. तुझी मी वाया घालवली. घाई केली."

लेकीने मान वर केली. "घाई? तू? माझ्यासाठी?"

"हो. केली खरी." मावशीला रडू आवरेना.

"माझी दाखव," लेक म्हणाली. ती कोरी चकती ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या बाजूची दाढ आहे अजून. सुट्टीत आले की काढू. तोवर वाट बघ, आई."

"बघेन की," मावशी डोळे पुसत म्हणाली. वाट बघण्यावाचून तिला दुसरं येतं तरी काय!