कंचनभाभींचे बिननाडीचे बटवे

होळीला मी नवापूरला बहिणीकडे गेले होते. धुळवडीच्या सकाळी फोन वाजला. पूजाचा होता. पूजा म्हणजे तळोद्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कंचनभाभींची सून. "ताई, मम्मीजी गेल्या," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे गेल्या?" ... खरंच विचारलं मी. कारण कंचनभाभी जायच्या म्हणजे मुलींच्या वसतिगृहात, नाहीतर जैन स्थानकात, नाहीतर कुणाच्या तरी घरी जुन्या बाहुल्या मागायला. पूजाला हुंदका फुटला तेव्हा कुठे मला समजलं. परतीच्या बसमध्ये रंगलेली पोरं हसतखिदळत होती आणि मला विनाकारण त्यांचा राग येत होता.

भाभी राजस्थानातून लग्न होऊन तळोद्याला आल्या, त्या कापडदुकानाच्या घरात. दुकान पुढे, घर मागे. मराठी त्यांना कुणी शिकवली नाही. बाजाराच्या दिवशी दुकानात येणाऱ्या बायकांकडून त्यांनी अहिराणी उचलली आणि त्यात स्वतःची मारवाडी मिसळून एक फक्कड भाषा तयार केली. मी पोस्टातली नोकरी करून निवृत्त झाले तोवर आमची ओळख भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण करण्याइतकीच होती. मग मला वेळच वेळ झाला आणि भाभींना ऐकणारं माणूस मिळालं. रोज दुपारी मी त्यांच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे पायमशीन, कातरणाची गाठोडी आणि खिडकीत ओळीने मांडलेल्या बाहुल्या. कुणाला हात नाही, कुणाला केस नाहीत, पण प्रत्येकीच्या गळ्यात एक बटवा. सुपारी ठेवायला आजीकडे असायचा ना, तसाच, फक्त लिंबाएवढा.

बाहुल्या त्या बिनदिक्कत मागून आणायच्या. लोकांच्या मुली मोठ्या झाल्या की बाहुली माळ्यावर जाते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "माळावर उंदरंस्ले खावाले ठेवी का? देई टाक ना माले," असं तोंडावर सांगायच्या. बाहुली घरी आली की साबणाने आंघोळ, फाटलं असेल तिथे टाका आणि मग बटवा. सातपुड्यातल्या गावांतून शिकायला आलेल्या मुली तळोद्याच्या वसतिगृहात राहतात, त्यातल्या लहान मुलींना या बाहुल्या जायच्या. एकदा मी म्हटलं, "भाभी, बटव्यापेक्षा बाहुलीला एखादा धड फ्रॉक शिवा." त्या म्हणाल्या, "झगा नही ऱ्हायना तरी चाली व ताई. बटवा पाहिजे. बाईमानूसजोडे काहीतरी आपलं ऱ्हावाले पाहिजे, दोरी ओढी का कोनले दिसाव नही असं." आणि मुलीही बाहुलीपेक्षा बटव्यावरच जीव टाकायच्या. बाहुली मैत्रिणीला खेळायला मिळे, बटव्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. त्यात काय काय असायचं! मणी, चिंचोके, घरच्या कोंबडीचं पीस...

एकदा मात्र या बटव्यांनी फजिती केली. नंदुरबारच्या एका नातेवाइकांनी भाभींना सुती कापडाचा मोठा गठ्ठा पाठवला. कापड कसं मऊसूत, वापरून वापरून मुरलेलं. भाभी हरखल्या. दोन पाण्यांतून काढलं आणि लगेच बटवे शिवून धाडले. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला, की पोरी शिंकून शिंकून बेजार झाल्यात, दोघी-तिघी डोळे चोळत बसल्यात, तुम्ही त्यात भरलंय तरी काय? ते कापड नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवरचं होतं! वर्षानुवर्षं ज्याच्यावर लाल मिरची वाळली, ते असं दोन पाण्यांत काय निघतंय? आम्ही दोघी गुळाची चिक्की घेऊन माफी मागायला गेलो. भाभी गंभीर चेहऱ्याने दारात उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि स्वतःच अशा शिंकल्या की सगळं वसतिगृह हसायला लागलं. त्यानंतर कुणी कापड दिलं की आधी माझ्या नाकाला लावून बघायच्या. पोस्टाची पेन्शन खाते ना मी, मग काहीतरी काम नको का, म्हणे.

पण मला सांगायचंय ते नाडीबद्दल. पहिल्या वर्षी डोंगरातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यावरची जमना नावाची मुलगी होळीच्या सुटीला घरी गेली. आपली बाहुली, आपला बटवा सगळं घेऊन गेली आणि परत आलीच नाही. आईबाप गुजरातेत कामाला निघाले, तिलाही धाकट्या भावाला सांभाळायला घेऊन गेले. होळीनंतर असं होतंच, मॅडमना त्याची सवय होती. भाभींना नव्हती. कितीतरी दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आणि मग त्यांच्यातली दुकानदारीण जागी झाली. "मन्हीच चूक व ताई. बठं एकदम देई टाकं का गिऱ्हाईक परत येस नही." लग्नाच्या बस्त्यातला एखादा ब्लाउजपीस 'उद्या येतोय माल' म्हणून मागे ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढतं, हे त्यांनी सासऱ्यांकडून पाहिलं होतं. तेव्हापासून होळीच्या सुटीआधी नवे बटवे मिळायचे ते बिननाडीचे. नाडी त्याच कापडाची शिवलेली, पण ती भाभींच्या बिस्किटांच्या डब्यात. "सुटी व्हयनी का या, मी ओवी देसू," असं प्रत्येकीला हनुवटी धरून सांगायच्या. मुली त्यांना मावशी म्हणायच्या.

मी खूप चिडवलं त्यांना. म्हटलं, वीतभर नाडीसाठी कोण पोर डोंगर उतरून येणार आहे? शेठजी, म्हणजे भाभींचे यजमान, तेही म्हणायचे की दुकानापेक्षा या कातरणाचा पसारा मोठा झालाय. भाभी ढिम्म. सुटी संपली की सकाळपासून वसतिगृहाच्या ओट्यावर पिन घेऊन बसायच्या आणि जीपमधून उतरणारी मुलगी दप्तर ठेवायच्या आधी त्यांच्यापुढे बटवा धरायची. नाडीमुळे यायच्या की कशामुळे, ते मी कशाला छातीठोक सांगू? ज्या यायच्या नाहीत त्यांच्या नाड्या डब्यातच राहायच्या. दुसऱ्या कुठल्या बटव्याला भाभींनी त्या कधी लावल्या नाहीत. एकदा मी पिवळी नाडी उचलली तर हातातून काढून घेतली. "ती तिन्ही शे." म्हणजे तिची, त्या न आलेल्या मुलीची.

या वर्षी थंडीतच भाभींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी शिवणमशीन बंद करायला सांगितलं, म्हणून त्या हाताने शिवायला लागल्या! बटवे कसेबसे झाले, नाड्यांच्या नुसत्या पट्ट्या कापून राहिल्या. बटवे मीच वसतिगृहात पोचवले आणि मावशीला बरं नाहीये, सुटीनंतर भेटतील, असं मुलींना सांगितलं. परत येऊन बघते तर भाभी पलंगावर बसून पट्ट्या चाचपत होत्या. "पोरी येतीन व ताई. नाडी नही भेटनी तं मी खोटी पडसू." मी म्हटलं, नका काळजी करू, मी शिवते. त्यावर एवढ्या दुखण्यातही हसल्या. "तुन्हा हातनी नाडी? मन्हा बटवा लाजी मरतीन!" ... आमचं शेवटचं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी मी नवापूरला गेले.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेठजी पांढऱ्या चादरीवर भिंतीला टेकून बसले होते. येणारेजाणारे कमी झाल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "ताई, आमच्या घरात बाराव्यापर्यंत सुई चालणार नाही. आणि पोरी तर त्याच्या आधीच येतील." मला वाटलं, पुढे म्हणतील की जाऊ द्या या वर्षी. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मशीनवरचं कापड स्वतः काढलं. "हिला तुमच्याकडे घेऊन जा. पट्ट्या खाली खणात आहेत." जन्मभर त्या कातरणावर कुरकुरणाऱ्या माणसाला पट्ट्या कुठल्या खणात आहेत ते ठाऊक होतं. पूजाने आणि मी मशीन माझ्या घरात आणली. उंबऱ्यापाशी पूजाने तिला एकदा हात लावला आणि मग ती गेली.

मला शिवता येत नाही, हे आता लपवण्यात अर्थ नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी दोन दिवस त्या मशीनला शिव्या घालत होते. दोरा तुटायचा, पट्टी सुईखाली गोळा व्हायची. नाड्या झाल्या खऱ्या, पण कुठे जाड, कुठे बारीक, आणि एक तर चक्क वळवळतेय असं वाटावं अशी. मध्येच रडू यायचं आणि मध्येच वाटायचं, भाभींनी हे बघितलं असतं तर पदर तोंडात धरून हसल्या असत्या.

मुली आल्या त्या दिवशी मी ओट्यावर जाऊन बसले. सगळ्या नाही आल्या... पण बऱ्याच आल्या. मावशी कुठे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. लहान मुलींना कसं सांगायचं असतं ते मला येत नाही, मी सरळ सांगितलं. मग एकेक जण पुढे येऊन बटवा माझ्या मांडीवर ठेवायला लागली आणि मी पिनेने माझ्या वेड्यावाकड्या नाड्या ओवत गेले. मुलींनी त्यांना नावं ठेवली नाहीत. सगळ्यांच्या शेवटी वनिता आली. डोंगरातली, हडकुळी, बोलायला लाजणारी. बटव्याचं तोंड तिने मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. घरापासून जीपपर्यंत, जीपमध्ये आणि आत्ताही. "नाडी नव्हती ना, म्हणून असं धरून आणलं," ती म्हणाली. आत राख होती. "होळीची आहे. आई म्हणाली, मावशीला लाव, बरी होईल."

मी तिला जवळ घेतलं. मग पदराने डोळे पुसून मी ती राख आधी तिच्या आणि मग माझ्या कपाळाला लावली, उरलेली शेठजींसाठी कागदात बांधून घेतली, आणि तिची नाडी पिनेला अडकवली. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आत्ता नको ओवू," ती म्हणाली. "आता उन्हाळ्याची सुटी लागेल. मी घरी जाईन ना... मी परत आल्यावर ओव."

म्हणून वनिताची निळी नाडी माझ्याकडेच आहे. मशीन अजून परत नेलेली नाही, शेठजी मागतही नाहीत. त्या मशीनच्या रिळाच्या खिळ्याला ती नाडी अडकवून ठेवली आहे. शाळा जूनमध्ये उघडेल.