अंदाज, नियम आणि लोखंडी कपाट

शेअर बाजारात माझा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही. चुकतो तो बाजार. सगळी हयात एसटीत कंडक्टरकी केली. चढणाऱ्याचं तोंड पाहून तो हिवरा आश्रमला उतरणार की मेहकरला, हे मी तिकीट फाडायच्या आधी सांगायचो. निवृत्तीनंतर कोणता शेअर कुठं उतरणार, हे ओळखायला मला कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती.

आमची प्रज्ञा मेहकरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिच्या स्कूटीसाठी ठेवलेले पैसे मी अंदाजावर लावले. त्यातले निम्मे वाटेतच उतरून गेले. उरलेल्यांचा पोरीनं ताबा घेतला आणि एकच शेअर घेतला.

"बाबा, आता अंदाज बंद. भाव मागच्या काही महिन्यांच्या सरासरीच्या वर हाये तोवर ठेवाचा. बाजार बंद होताना खाली दिसला, तरच दुसऱ्या दिवशी विकाचा. मधात पाहाचं नाही."

"अन् मले वाटलं तर?"

"वाटू द्या."

माझा फोन रोज सकाळी लोखंडी कपाटात जाऊ लागला, साडेतीनला बाजार बंद झाला की बाहेर. चावी शोभाच्या (म्हणजे आमच्या गृहखात्याच्या) कमरेला.

एका दुपारी शेजारचे गजूभाऊ धावत आले. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बातमी वाईट असली की ते चप्पल घालत नाहीत. त्या दिवशी अनवाणी होते.

"साहेब, तुमचा शेअर धडाधड पडून राह्यला."

माझ्या डोळ्यांसमोर स्कूटीची दोन्ही चाकं निखळली. विकलाच पाहिजे! त्यांच्या दुकानात धावलो, कॉम्प्युटरवर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ओटीपी गेला फोनवर, आणि फोन कपाटात. घरी पोचलो तर आतून टिंग टिंग चाललेलं.

"जुनं कपाट हाये," गजूभाऊ म्हणाले. "उचलून आपटलं की कुलूप सुटते."

आम्ही उचललं. त्यांनी ढकललं, मी ओढलं, आणि कपाट गर्रकन फिरून स्वयंपाकघराच्या दारात गच्च बसलं. पाठ आमच्याकडे, दारं आत काम करत असलेल्या शोभाकडे. तिनं शांतपणे चावी लावल्याचा आवाज आला.

"काऊन जी, फोन पाह्यजे काय?"

"फक्त ओटीपी सांग. पोरीच्या गाडीचा सवाल हाये."

"साडेतीन वाजले काय?"

मागच्या दाराकडे पळालो. तिनं कडी घातली होती. परत येऊन विनवण्या केल्या, शेवटी बसस्टँडवर पोरं आवरायचो तो आवाज लावला. पलीकडून चहाचा वास आला. एकाच कपाचा.

साडेतीनला प्रज्ञा कॉलेजातून आली, शोभानं उघडलेल्या मागच्या दारानं आत गेली आणि फोन पाहिला. "बाबा, वर चढून बंद झाला. विकला असता तर?"

"आम्ही कपाट झाडून राह्यलो होतो," मी म्हणालो. गजूभाऊंनी मान डोलावली. कपाट तेव्हापासून स्वयंपाकघरातच राहिलं.

पुढं भाव खरोखर सरासरीखाली गेला, तेव्हा मला तो नक्की चढणारसा वाटला. पोरीनं वाटू दिलं आणि विकला. मग तो जो घसरला तो घसरलाच. आज ती त्याच पैशातून घेतलेल्या स्कूटीवर कॉलेजला जाते, तेव्हा माझी छाती शर्टात मावत नाही. माझी पोरगी आहे ती!

मेहकरच्या स्टँडवर जुन्या मंडळींना मी आता ऐटीत सांगतो, "आपलं काम एकदम मशीनसारखं. मनाचं काही चालू देत नाही." खरं आहे ते. फरक एवढाच, की मशीनला साडेतीनपर्यंत स्वयंपाकघरात यायची बंदी नसते.