काकांचं भिंग

खालच्या मजल्यावरच्या काकांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत माल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतरही गवारीची शेंग ते उजेडात धरून बघायचे.

घरचा कॉम्प्युटर जुना झालेला, त्याचा प्रोसेसर बदलायला हवा होता. परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आवाज यायचा, नातीचं चित्र मात्र थिजून राहायचं. काकू म्हणायच्या, "आवो, कसला का असंना, एकदाचा बसवा की. पोरीचं तोंड हलताना तरी दिसंल."

मग वापरलेला, पण जरा दमदार प्रोसेसर शोधायला काका मला दापोडीच्या दुकानात न्यायचे. खिशातून भिंग काढायचे. एकावर चरा दिसायचा, दुसऱ्याची पिन तिरकी वाटायची.

"काका, मस्त चालतोय, लावून दाखवतो," दुकानदार म्हणायचा.

"नुसतं चालतंय म्हणून घ्यायचं न्हाई भावा. रिजेक्ट."

मला गंमत वाटायची, कौतुकही.

उन्हाळ्यात काकू अचानक गेल्या.

पावसाळा सरल्यावर काका म्हणाले, "चल जरा दापोडीला." दुकानदाराने समोर ठेवलेला पहिलाच प्रोसेसर त्यांनी उचलला. दुकानदार तो लावून दाखवायला उठला, तर काकांनी हातानेच थांबवलं.

"चालतोय ना? मग दे."

भिंग त्यांच्या खिशातच होतं.