स्लाइटली निळा

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात आईबापानं ठेवलेलं नाव टिकत नसे. रंगात हात बुडाले की नावही बुडालंच. या गड्याचं नाव पडलं होतं स्लाइटली. मालकही त्याला तशीच हाक मारी आणि हाही खुशाल ओ देई.

इंग्रजी त्याला फारसं यायचं नाही, पण एवढा शब्द हाडात मुरला होता. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा पाठवी. तसा रंग साधून इकडचा तुकडा तिकडे जाई, आणि पसंत पडला नाही की वर इंग्रजी शेरा टाचून माघारी येई. स्लाइटली रेड. स्लाइटली डार्क. तरणा होता तेव्हा पहिल्यांदा असा शेरा आला, तसं त्याच्या उस्तादानं त्याला मानगुटीला धरून टाकीपाशी उभं केलं.

"हे बघ बेण्या. स्लाइटली म्हणजे जरासं. चमच्याच्या टोकावर राहील एवढा उलटा रंग, निळ्याला पिवळा तसा, टाकायचा आणि ढवळायचं. व्हेरी स्लाइटली म्हणाला तर काहीच टाकायचं नाही. चहा प्यायचा आणि उद्या तोच तुकडा परत धाडायचा. पास होतो."

"आणि मच म्हणाला तर?"

"मच म्हणाला तर तोंड लपवायला जागा शोधायची. सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून. कापडाचाही जीव जातो आणि आपलाही."

म्हणून कारखान्यात मच हा शब्द कुणी तोंडातून काढतच नसे. कितीही बिघडलं तरी स्लाइटलीच म्हणायचं. मग ते म्हणण्यावरून ओळखायचं. पटकन म्हटलं तर खरोखर जरासं. लांबवून, मान वाकडी करून म्हटलं तर टाकी रिकामी करायला लागा. नवा माणूस आला की आधी हे शिके, पगाराचं नंतर विचारी.

उत्तरेच्या खिडकीपाशी स्लाइटलीची खुर्ची होती. तिथं ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि रंग खरा दिसतो तो तिथंच. नमुना आणि नवं कापड शेजारीशेजारी धरायचं, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. तो निकाल ब्रह्मदेवालाही फिरवता येत नसे. गड्याला माजही होता त्याचा. कुणी जवळ येऊन वाकून बघितलं तर म्हणे, "काय बघतोस? तुझे डोळे टाकीला झाकण लावण्यापुरते दिलेत देवानं."

घरीही तेच. बायकोनं भाजीचं विचारलं की, "मीठ स्लाइटली जास्त."

"मग पाणी प्या स्लाइटली," ती म्हणे, "आणि ताट उचला."

मूलबाळ नव्हतं. बहिणीचा नवरा गेला तेव्हा भाचीला त्यानंच कारखान्यात आणली, खिडकीशी बसवून बघायला शिकवलं. पोरगी तयार झाली. आता ती दाराजवळच्या टेबलावर शेवटची तपासणी करी. मामानं पास केलेलं कापड तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

पहिल्यांदा बिनसलं ते राखाडी रंगात. भाचीनं कापड परत आणलं आणि पटकन म्हणाली, "स्लाइटली निळा आहे, मामा."

त्यानं खिडकीत धरून बघितलं. त्याला काही निळं दिसेना. पण पोरगी खोटं कशाला बोलेल? टाकीत चमच्याच्या टोकाएवढा पिवळा टाकला आणि घरी गेला. सकाळी कापड पास झालेलं. पुढच्या राखाडीचं तसंच, त्याच्या पुढच्याचंही तसंच.

"अजून हात आहे गं मामाचा," तो म्हणाला.

"आहे की," ती म्हणाली आणि दोऱ्याची टोकं कातरत बसली.

मग घरात तो चौकटीला खांदा घासून चालू लागला. चहाचा कप टेबलावर ठेवायचा तो टेबलाच्या बाहेर ठेवला. बायकोनं फरशी पुसली आणि त्याला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेला.

डॉक्टर भला माणूस होता, पण बाहेर रांग होती. म्हणाला, "डोळ्यामागची नस सुकत चाललीय. बाजूचं दिसणं कमी झालंय, रंगही कमी झालेत, निळा-पिवळा जास्त. गेलं ते येत नाही. थेंब देतो. उरलंय ते टिकलं तर टिकलं."

स्लाइटलीनं मान हलवली. "म्हणजे स्लाइटली गेलंय."

डॉक्टर लिहीत होता. "हं, तसं म्हणा."

गडी उड्या मारत बाहेर आला. सगळा जन्म ज्या शब्दावर काढला तोच शब्द निघाला होता. स्लाइटलीला औषध असतं, टोकावर राहील एवढं. थेंब तेवढेच तर होते.

"घाबरवलंस उगीच," तो बायकोला म्हणाला. "ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर नाही म्हणाला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात."

कारखान्यात त्यानं कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर खिडकी गेली असती, आणि खिडकी गेल्यावर त्याच्याजवळ काय उरत होतं? थेंब मात्र नेमानं घाली, आणि डॉक्टरनं सांगितल्यापेक्षा एखादा जास्तच.

तशात गणवेशाच्या कापडाचं मोठं काम आलं. राखाडीच. टाकी काठोकाठ भरली. भाची आली, "स्लाइटली निळा आहे, मामा." त्यानं पिवळा टाकला. ती पुन्हा आली, त्यानं पुन्हा टाकला. असं उकळत, ढवळत, पुन्हा उकळत चाललं. शेवटी कापड बाहेर काढलं तर हातात ओल्या कागदासारखं फाटायला लागलं.

मालक आला. फाटका तुकडा खिडकीत धरला आणि म्हणाला, "हा राखाडी आहे, स्लाइटली?"

"राखाडीच आहे. स्लाइटली निळा होता, तो मारलाय."

"अरे, हा आभाळासारखा निळा आहे!"

टाकीवरचे गडी जमले होते. कुणीच हसलं नाही, आणि तेच वाईट झालं. त्यानं भाचीकडे तोंड फिरवलं.

"काय गं, स्लाइटलीच होता ना?"

ती हातातली कात्री उघडमीट करत राहिली.

"बोल की. तोंडात काय धरलंयस?"

"मच होता, मामा." शब्द बाहेर पडला आणि ती रडायलाच लागली. "पहिल्यापासून मच. आधीचेही. तुम्ही घरी गेल्यावर मी टाकीवाल्यांना सांगून नीट करून घेत होते. हा लॉट मोठा होता. एवढा मला लपवून करता आला नाही."

त्यानं टाकीवाल्यांकडे बघितलं. एकेकानं मान खाली घातली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं नमुना घेतला, फाटका तुकडा घेतला, दोन्ही उजेडात धरले. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. बराच वेळ बघितलं. दोन्ही त्याला एकच दिसत होते. त्यानं ते टेबलावर ठेवले आणि खुर्चीवरून उठला.

"उद्यापासून तू बस इथं," मालक भाचीला म्हणाला. ती नको नको म्हणत राहिली, पण बसायला दुसरं कुणी नव्हतं.

त्याला गठ्ठे बांधायच्या खोलीत पाठवलं. तिथं खिडकी नाही, पिवळा दिवा आहे. कापडाची घडी घालायची, सुतळी आवळायची, गठ्ठ्यावर रंगाचं नाव छापलेलं लेबल चिकटवायचं. स्लाइटली म्हणून हाक मारणं लोकांनी आपोआप सोडलं. आता त्याला नुसतं अहो म्हणत. गठ्ठे आणून टाकणारा हमाल समजूतदार होता. "हे राखाडी, अहो, आणि हे निळे," असं सांगून मगच जाई.

एक दिवस हमाल आजारी होता. बदलीवरच्या माणसानं गठ्ठे टाकले आणि तो न बोलता निघून गेला. भाची काही विचारायला आत आली तेव्हा मामा दोन गठ्ठ्यांच्या मधोमध उभा होता. दोन्ही हातांत एकेक लेबल. मागचा डिंक वाळून चालला होता.

तिनं त्याच्या हातातून लेबलं काढून घेतली.

"मी लावते, मामा."

"लाव," तो म्हणाला आणि सुतळी शोधायला भिंत चाचपत गेला.