खाणीच्या रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या

एनेइदा मिएलेस माझी शेजारीण. तिला मी कधी स्वस्थ बसलेली पाहिली नाही. सकाळी अंगण झाडायची, दुपारी पुन्हा झाडायची, आणि दर वेळी केरसुणीखाली तीच काळी भुकटी. आमच्या लोस तोतुमोस गावाच्या तिन्ही अंगांना कोळशाच्या खाणी. सुरुंग उडाला की भिंतीवरचा देव तिरका व्हायचा आणि एनेइदा धावत जाऊन तो सरळ करायची.

ती मक्याचे बोयो करायची, सोलपटात गुंडाळून उकडलेले. आसपासच्या गावांत त्यांना चांगलं गिऱ्हाईक होतं. पुढे लोक सोलपट उघडून आधी बोट फिरवून काळं लागतं का बघायला लागले, आणि मग घ्यायचेच बंद झाले. नदी खाणीच्या आड येत होती म्हणून ती दुसरीकडे वळवली. आमच्या वाट्याला डबकी आली. जी नदी माशांनी भरून वाहायची तिच्या काठावर राहून आम्ही बर्फातला मासा विकत आणू लागलो.

शेवटी सरकारनं हुकूम काढला : इथली हवा माणसांनी घ्यायच्या लायकीची नाही, दोन वर्षांत गाव हलवा, खर्च खाणवाले करतील. त्या दिवशी आम्ही ढोल वाजवले. एनेइदानं त्याच आठवड्यात चांगली भांडी कपड्यांत गुंडाळून खोक्यांत भरली.

दोन वर्षं गेली, त्यावर आणखी कितीतरी गेली. गाव हलणारच आहे म्हणून कोणी छप्पर दुरुस्त करेना, दवाखाना आला नाही, शाळेला धड शिक्षक मिळेना. एनेइदा खोकी सोडायची, पुन्हा बांधायची. "दुनिस, मला कळेनासं झालंय गं," ती मला म्हणायची, "मी इथं राहते की इथून निघालेय?"

तिचा नवरा दिओमार खाणीतच डंपर चालवायचा. रात्रंदिवस खोकायचा.

"डॉक्टर म्हणतो सिगारेट सोड. तू कधी ओढलीस रे?"

"ताटातलं पण खाणीचंच आहे, बाई. गप जेव."

यावर ती ताट तसंच ठेवून अंगणात जायची.

एनेइदाची आई रोस्मिरा तिच्याकडेच असायची. म्हातारीला दमा. वाफ देणारं यंत्र लावल्याशिवाय तिची दुपार सरत नसे. मार्चमधल्या एका रणरणत्या दुपारी वीज गेली. आमच्याकडे ती जायचीच, त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी म्हातारीचे ओठ निळे पडले. आम्ही दोघी चुलीच्या पंख्यानं वारा घालत होतो, आणि समोरून कोळशाची आगगाडी बंदराकडे चालली होती. डब्यामागून डबे, संपता संपेनात.

"बघ," एनेइदा म्हणाली. "जगाचे दिवे लावायला चाललीये."

वीज संध्याकाळी आली. म्हातारी वाचली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईची झुलती खुर्ची ओढत खाणीच्या रस्त्यावर नेली, बरोब्बर मधोमध मांडली, आणि बसली. मी माझी नेली. मग यादेल्सिस आली, तिच्या दोघी जावा आल्या. बघता बघता सगळ्या गावातल्या बायका रस्त्यात झुलत होत्या. कोणी वाटाणे सोलत होतं, कोणी वेणी घालत होतं. ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर भोंगे वाजवून थकले.

"आजी, लग्न आहे का कुणाचं?" एकानं खिडकीतून विचारलं.

"तुझं लावते, ये खाली!" यादेल्सिस ओरडली.

तेवढ्यात खाणीच्या पाळीवर जाणाऱ्या कामगारांची बस आली. दिओमार उतरला आणि बायकोसमोर उभा राहिला.

"ऊठ, एनेइदा. माझी नोकरी जाईल."

"तुझं फुप्फुस गेलं, ते तू कुणाकडे मागितलंस?"

"सगळे बघतायत."

"बघू देत. आजवर कुणी बघितलंच नाही."

 तो रस्ता सोडून काट्याकुट्यांतून वळसा घालून कामावर गेला. एनेइदा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ती झुलत नव्हती. दुपारी खाणीचा एक साहेब आला, लवकरच गाव हलवू म्हणाला, सगळ्यांशी हात मिळवून गेला, आणि आम्ही खुर्च्या उचलून घरी आलो. एनेइदाच्या घरात नवराबायकोचं बोलणं पुढे कितीतरी दिवस बंद होतं.

गाव हललं नाही. हलली ती खाण. जगात कोळशाचा भाव पडला तशी कंपनीनं आमच्या बाजूची खाण बंद केली, यंत्रं उचलली आणि गेली. मागे राहिला तो डोंगराएवढा खड्डा. तळाशी हिरवट पाणी, काठावर राखाडी ढिगारे, त्यांवर गवताची काडी उगवेना. आता गाव हलवायचा खर्च कुणाचा, यावर कोर्टात भांडण लागलं. रोस्मिरा त्याच वर्षी गेली. दिओमार घरी बसला, खोकत.

मागच्या वर्षी वायेदुपार शहरात त्या खटल्याची सुनावणी होती. एनेइदा निघाली तेव्हा दिओमार शर्टाची बटणं लावत दारात उभा.

"तू कुठे?"

"मी पण येतो," तो म्हणाला.

तिथं वकील बराच वेळ बोलले. मग गावकऱ्यांना विचारलं तेव्हा एनेइदाच्या आधी दिओमारच उठला. त्याला खोकल्याची उबळ आली. सगळे थांबले.

"तो खड्डा मी खणलाय," तो म्हणाला. "पोटासाठी खणला. मला त्याच्या काठावर मरायचं नाही. एवढंच."

निकाल लागला नाही, तारीख पुढे गेली. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. ढिगारे दिसू लागले तशी एनेइदानं खिडकी लावून घेतली. आत उकडायला लागलं, दिओमारला धाप लागली, तिनं उघडली. धूळ आली, पुन्हा लावली. गाव येईपर्यंत तिचं ते चाललं होतं, आणि दुसऱ्या हातानं तिनं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.