साध्या कपड्यातली

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात एका बंद पडलेल्या मशीनसमोर उभी होते. शिपायाने निरोप दिला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मग मला आधी का नाही कळवलं?" जणू आधी कळवलं असतं तर मी त्यांना जाऊच दिलं नसतं. सकाळी खाडीवरून आले, ओटीवर बसले, आईकडे पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. याला आता महिना उलटून गेलाय, पण माझं चित्त काही थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. भांडकुदळ बापलेक म्हणून अख्ख्या बाळकुम गावात आमची ख्याती होती. आता भांडायला समोर कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला याचा राग येतो.

दादांचा सगळा जन्म खाडीच्या चिखलात गेला. कमरेला धोतरासारखा गुंडाळलेला रुमाल, अंगात बंडी आणि लग्नकार्याला तोच एक पांढरा शर्ट. मग घोडबंदर रोडला इमारती यायला लागल्या, आमची खाडीकाठची भातजमीन विकली गेली आणि घरात पैसा आला. गावात कुणी जीप घेतली, कुणी माडी चढवली. दादांनी जाळंसुद्धा सोडलं नाही. त्यांच्या डोक्यात भलतंच काही होतं, ते मला पुढे आईकडून कळलं. मी अगदी लहान असताना दिवाळीला फ्रॉक घ्यायला ते मला ठाण्याच्या एका दुकानात घेऊन गेले होते. दुकानदाराने त्यांच्या रुमालाकडे एकदा पाहिलं आणि फडताळातून काहीही खाली न काढता तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अपमान केला असंही म्हणता येणार नाही... नुसता वळला. मला यातलं काही आठवत नाही. दादांना दुकानातल्या आरशाची चौकटसुद्धा आठवत होती.

मी बारावी झाले, इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या गावातून तिकडे जाणारी मी पहिलीच मुलगी, म्हणून गावच्या मंडळाने माझा गुणगौरव ठरवला. त्याच सुमारास जमीन घेणाऱ्या बिल्डरकडे लग्न होतं. तिथे दादांनी एका मुलीच्या अंगावरचे कपडे पाहिले आणि सरळ तिच्या आईला जाऊन विचारलं, कुठून घेतले? ती बाईही भली, तिने पत्ता दिला. झालं! दादा आईला घेऊन वांद्र्याच्या त्या बुटीकमध्ये दाखल. मापाला काय न्यायचं ते न कळल्यामुळे माझा शाळेचा जुना युनिफॉर्म पिशवीत घालून नेला होता. तिथून आला तो मोरपिशी घागरा, त्यावर आरसे, जरी, ओढणीला मोती. "डिझायनर हाय," दादा म्हणाले. त्या शब्दाला ते इतकं वजन द्यायचे, जणू कुणी साहेबच घरी आलाय.

मी तो अंगाला लावूनही पाहिला नाही. कॉलेजात गेल्यापासून मी घरातही पुस्तकी बोलायला लागले होते, त्याच भाषेत म्हटलं, "दादा, हे घालून मी स्टेजवर जाणार नाही. मार्क मी मिळवलेत. हे घातलं तर लोक म्हणतील, जमिनीचा पैसा बघा कसा चमकतोय. माझे मार्क कुणाला दिसणारच नाहीत."

"मार्क काय दिसतान गो?" दादा म्हणाले. "ते कागदावर रातान. लोकांनी आपल्याला फाटक्यात बगितला, आता चांगल्यात पन बगूं दे."

"मला बघायचं असेल तर मला बघू दे, घागऱ्याला नको."

"तुला बगायला लोकांना टायम कवा हाय?"

चार दिवस घरात धुसफुस चालली होती. आई दोघांना वेगवेगळं वाढायची. शेवटी मी माझा खादीचा कुर्ताच घातला. घागरा वाया जाऊ नये म्हणून आईने तो माझ्या चुलत बहिणीला, नववीतल्या चंपाला दिला. तिला तो चपखल बसला. बसणारच, माप माझ्या शाळेच्या दिवसांचं होतं! म्हणजे मला तो कमरेत शिरलाही नसता, आणि आम्ही दोघं चार दिवस उगाच डोकं फोडत होतो. पण हे ना मी कबूल केलं, ना दादांनी. दादा एवढंच म्हणाले, "मोटा आनला असता."

समारंभात व्हायचं तेच झालं. पहिल्या रांगेत चंपा बसली होती आणि अख्खा मंडप तिच्याकडे माना वळवून बघत होता. माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आत पाहुण्यांनी कौतुकाने चंपालाच हात करून वर बोलावलं, आणि ती वेडी लाजत लाजत उठलीसुद्धा! तेवढ्यात मागून दादांचा खाडीच्या या काठावरून त्या काठाला जाणारा आवाज आला, "ती नाय ओ! माजी पोर ती, ती साध्या कपड्यातली!" मंडप खदखदून हसला. मी कशी वर गेले, हातात काय दिलं, काही कळलं नाही. घरी येताना मी रडत होते आणि दादा मात्र पुढे ताठ चालत होते. दारात थांबून म्हणाले, "तू घाल तुजा साधा. सांगाचा काम माजा."

आणि ते काम त्यांनी जे अंगावर घेतलं ते अखेरपर्यंत. बँकेत, दवाखान्यात, मासळीबाजारात, रिक्षावाल्याला... कुणी विचारो न विचारो, "ही माजी पोर, इंजिनेर हाय." नोकरीच्या पहिल्या दिवशी तर रुमालावर शर्ट चढवून माझ्या आधी कारखान्याच्या फाटकावर हजर. वॉचमनला सांगत होते, "नीट बगून ठेव, हिला अडवाचा नाय." मी लाजेने अर्धी झाले. संध्याकाळी घरी येऊन खूप बोलले. मला माझी ओळख माझ्या कामाने करून द्यायची आहे, तुम्ही मध्ये पडू नका, वगैरे. ते जाळं विणत ऐकत राहिले. मग म्हणाले, "वॉचमनला काम कुटं दिसतं?" पण म्हणून मी काही हरले नाही. आजही मला वाटतं, त्या घागऱ्याच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. मला त्यांच्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं. माझ्याही तोंडून त्यांना काहीतरी ऐकायचं असणार. दोघांचंही राहून गेलं.

दिवसकार्य झालं त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. मी जुन्या सलवार-कमीजमध्ये, ओढणी कमरेला खोचून चहा देत होते. आमच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ आले. रोज सकाळी फिरायला येत आणि दादांकडून ताजी कोळंबी घेत. माझ्या हातातून कप घेऊन ते हळूच म्हणाले, "बाई, त्यांची मुलगी आली आहे का हो? इंजिनियर आहे ती. फार सांगायचे तिच्याबद्दल. तिला भेटून जावं म्हणतो."

मी ट्रे धरून तशीच उभी राहिले. उत्तर द्यायचंय हे कळत होतं, तरी थांबले... सवयच ती. आता मागून आवाज येईल, सगळे वळून बघतील, मला मेल्याहून मेल्यासारखं होईल आणि रात्री जेवताना मी त्यावरून भांडण काढीन. त्या गृहस्थांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"मीच ती," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना कान पुढे करावा लागला.